दुर्बिणीचे झाकण काढण्याबाबत

अर्जदार: प्रस्तुत लेखक. व्यवसाय अर्जलेखन. बैठक पौड येथे तहसील कचेरीच्या समोर. कचेरी सुटल्यावर व सुटीच्या दिवशी पिरंगुट.

ज्यांच्या वतीने: पिरंगुटचे पेंटर. नाव छापण्यास त्यांनी मनाई केली आहे. "नाव छापलं की जुनी गिऱ्हाइकं मला हुडकून काढत्याल," असे त्यांचे म्हणणे.

सामनेवाला: मुळशी धरणाच्या काठावरील एक रिसॉर्ट. नाव जाणूनबुजून वगळले आहे.

वस्तू: एक जुनी दुर्बीण. नळी पितळी, तिवई सागवानी, लांबी साधारण माझ्या उंचीइतकी.

तिथी: शुद्ध तृतीया. महिन्याविषयी मतभेद आहेत. पेंटर माघ म्हणतात, त्यांच्या सौभाग्यवती फाल्गुन म्हणतात. मी काकूंच्या बाजूचा आहे.

साक्षीदार: उपरोक्त काकू, सरपंचांच्या मातोश्री, पोलीस चौकीचे हवालदार, लवळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एक मॅडम, आणि रिसॉर्टचे त्या वेळचे मॅनेजर, जे सुरुवातीस विरुद्ध पक्षात होते.

वादाचा मुद्दा: दुर्बीण ही बघण्याची वस्तू आहे की ठेवण्याची.

एवढे नोंदवून झाल्यावर आता सविस्तर निवेदन करतो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावी राहिली, त्यात माझा दोष नव्हता. परंतु या तालुक्यातील बांधांचे, वारसांचे आणि पाणंद रस्त्यांचे वाद ज्या भाषेत मांडले गेले, त्यापैकी बरीचशी भाषा माझी आहे, हे कचेरीतील शिपाईसुद्धा सांगेल. आजवर मी दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिल्या. ही तक्रार लिहायला मला कोणी बसवलेले नाही, म्हणून ती थोडी लांबेल.

पेंटर माझे घरमालक नव्हेत, पण टेबलमालक होते. पिरंगुटला पौड रस्त्यालगत त्यांची पत्र्याची शेड होती. दुचाकीच्या टाक्या, लोखंडी कपाटे, फ्रीज, पाळणे, जे रंगवता येईल ते तिथे येई. शेडच्या पुढच्या कोपऱ्यात मी टेबल टाकले होते. कंपन्यांतून सुटलेले कामगार बससाठी उभे राहत, आणि उभा राहिलेल्या माणसाला आपल्यावर झालेला अन्याय आठवतो, हा माझा अनुभव आहे.

पेंटर कामाच्या वेळी पांढरे कपडे घालीत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, दोन्ही खळ घालून कडक केलेले. हातात स्प्रे गन, समोर लालभडक टाकी, आणि अंगावर शिंतोडा नाही. एखाद्याने आश्चर्य व्यक्त केले की म्हणत, "ज्याच्या अंगावर रंग उडतो, त्याचा रंग वस्तूवर कमी पडतो."

रंगाची कंपनीने ठेवलेली नावे त्यांना मान्य नव्हती. डब्यावर काहीही छापलेले असो, त्यांच्या तोंडी 'पावसात भिजलेल्या म्हशीचा काळा', 'साखरपुड्याचा गुलाबी', 'पुढाऱ्याच्या गाडीचा पांढरा' अशीच नावे असत. गिऱ्हाईक गोंधळे. त्यातून गिऱ्हाइकाने स्वतः रंग सुचवणे हा त्यांना अपमान वाटे. एकदा एक तरुण मोटारसायकल घेऊन आला आणि म्हणाला, "काका, लाल करायची."

पेंटरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तुला लाल न्हाई शोभायची."

"मला नाही हो, गाडीला."

"गाडीवर कोण बसणार हाय? तूच ना? मग निळी घेऊन जा."

तो निळी घेऊन गेला. पुढे त्याच निळ्या गाडीवर बायकोला बसवून पेढे द्यायला आला, तेव्हा पेंटरांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी तशी नोंद घेतली.

त्यांचे सर्वात मोठे वेड मात्र वेगळे होते. वस्तूची जी बाजू कोणालाही दिसणार नाही, तिलाही ते तितकेच हात देत. कपाटाची पाठ, फ्रीजचा तळ, नंबर प्लेटची आतली बाजू, सगळीकडे प्रायमर, घासणी, पुन्हा रंग, वर चकाकीचे लॅकर. माझे कागदपत्रांचे कपाट त्यांनी रंगवले तेव्हा त्याची पाठ इतकी चकाकत होती की मी ते उलटे ठेवण्याचा विचार केला होता. मी विचारले, "पेंटर, भिंतीला टेकणारी बाजू कशाला रंगवता?"

"भिंतीला डोळं नसत्यात, म्हून फसवायचं व्हय तिला?"

मी कपाट सरळच ठेवले.

अशा माणसाकडे एके दिवशी रिसॉर्टचा टेम्पो आला.

धरणाकाठचे हे रिसॉर्ट पूर्वी कोणा हौशी गृहस्थाचा बंगला होते. नव्या मालकांनी तो वाढवला, पोहण्याचा तलाव केला, झाडांना माळा बांधल्या. शनिवारी-रविवारी हिंजवडीकडची कंप्युटरवाली मंडळी तिथे येतात आणि भात, मासे आणि मोकळी हवा यांची छायाचित्रे काढतात. बंगल्याचा माळा साफ करताना वटवाघळांच्या लेंड्यांखाली ही दुर्बीण सापडली होती. मॅनेजर लातूरकडचे, तिशीतले, सतत फोन वाजणारे गृहस्थ होते. त्यांनी टेम्पोतून नळी उतरवली आणि म्हणाले, "काका, हिला मस्त गोल्डन मारायचं. रिसेप्शनला ठेवणार. गेस्ट लोक फोटो काढतील."

पेंटरांनी नळीचे एक टोक डोळ्याला लावले. ते उलटे टोक होते. त्यातून त्यांनी मॅनेजरकडे पाहिले.

"सायेब, ह्यातनं तुमी लई ल्हान दिसताय."

टेम्पोवाला हसला. मॅनेजर हसले नाहीत. "काका, त्यातून काही बघायचं नाहीये. फक्त डेकोर आहे. शोभेचं."

"हिला शोभेची केली कुणी?"

"मालकांनी."

"मालकानं हिला बनवली न्हाई. ज्यानं बनवली त्यानं बघायला बनवली. हिला बघायला लागू दे, मग मी रंग मारतो. आंधळी वस्तू मी सजवत न्हाई."

मॅनेजरना वाटले, म्हातारा थट्टा करतोय. ते वस्तू ठेवून गेले. इथेच वादाची सुरुवात झाली, ही बाब मी मुद्दाम नमूद करतो.

पुढचे काही आठवडे शेडमध्ये टाक्या पडून राहिल्या. गिऱ्हाइके ओरडत येत आणि माझ्या टेबलावर टेकून बसत, त्यामुळे माझा धंदा मात्र तेजीत होता. पेंटरांनी जुना, पोपडे धरलेला रंग पत्रीने, म्हणजे पातळ लोखंडी पातीने, हळूहळू सोलला. खाली पितळ निघाले. त्यांनी ते काकूंकडे दिले. काकूंनी चिंच आणि राख घेऊन, देव्हाऱ्यातली समई घासावी तशी नळीची कडी आणि चाके घासली. मागेपुढे सरकणारी दातांची पट्टी अडकली होती. तिच्यातून कोळ्याची घरे आणि एक मेलेला भुंगा निघाला. ग्रीस लागले तशी ती लोण्यात सुरी फिरावी तशी फिरू लागली.

पुढची काच म्हणजे प्रत्यक्षात एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन काचा होत्या, आणि दोघींवर बुरशीची जाळी. त्या काढल्याशिवाय धुता येईनात, आणि काढल्यावर कुठली बाजू कुणीकडे हे लक्षात राहीना, अशी धास्ती. पेंटर काचेकडे बघत बसून राहिले. काकू म्हणाल्या, "अवो, त्यात काय? जावाजावांच्या सारख्या ताटांना आमी खुणा करतो तशी करायची." त्यांनी करंडा आणला आणि दोन्ही काचांच्या कडेला, सांध्यावर, मेण लावून कुंकवाचे बोट ओढले. काचा धुऊन, मऊ धोतराने पुसून पुन्हा बसवल्या तेव्हा दोन्ही बोटे एका रेषेत आली. कुंकू अजूनही तिथे असेल, असे मला वाटते.

रंगाचा प्रश्न सर्वात अवघड गेला. सोनेरी त्यांनी पहिल्याच दिवशी नामंजूर केला होता. "सोनेरी रंग खोट्या वस्तूला मारत्यात." शेवटी 'इंद्रायणीच्या नव्या तांदळाचा पांढरा' असा निर्णय झाला. रंग चढवायचा, ओल्या घासकागदाने घासायचा, पुन्हा चढवायचा. शेवटी लॅकर. नळीत शेडचे पत्रे, रस्ता, जाणारी बस सगळे उमटू लागले. आणि मग, अर्थातच, त्यांनी नळीच्या आतल्या बाजूकडे मोर्चा वळवला. आत गन जाईना, म्हणून त्यांनी काळा रंग आणि लॅकर आत ओतून दोन्ही टोकांना फडकी बांधली आणि काकूंना समोर बसवून ती नळी गोधडीवर, बाळ झोपवावे तशी, इकडून तिकडे लोळवली. आतून ती विहिरीतल्या पाण्यासारखी चमकू लागली. मी डोकावून पाहिले. मला माझा स्वतःचा डोळा दिसला.

"पेंटर, हे तर आतही आरसा!"

"आयुष्यातला सगळ्यात चांगला हात आज बसला," ते म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून स्वतःची स्तुती मी नेहमीच ऐकत असे, पण ही खालच्या आवाजात होती.

त्यांचे घर धरणाकाठच्या वाडीत. तिथल्या माळावर, शुद्ध पक्षातील एका संध्याकाळी, दुर्बीण उभी केली. आधी एकदा बघून घ्या, असे मी सुचवले होते. "आधी बघितलं तर मग उद्घाटन कसलं?" म्हणून त्यांनी ते फेटाळले. वाडी जमली. मडक्यात भात शिजत ठेवून बायका आल्या, जाळी खांद्यावर टाकलेले मासेवाले आले, सरपंच आपल्या मातोश्रींना खुर्चीसकट घेऊन आले. डोंगरावर कोर होती.

पेंटरांनी पहिला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. चाक फिरवले, पुन्हा लावला. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "या, बघा."

एकेकाने पाहिले. सर्वांना एकच दिसले: पांढरट धुके, त्यात कुठेतरी एक लांब, फाटलेला उजेड. शिष्टाचार म्हणून मी 'प्रकाश उत्तम आहे' असा अभिप्राय दिला. वाडीला शिष्टाचार माहीत नव्हता.

"पेंटर, चंद्रालाबी लॅकर मारलंय का काय?"

"आरं, त्यांनी चंद्राची पाठ रंगवली आसंल, म्हून फुडनं दिसंना!"

सरपंचांच्या मातोश्री डोळा लावून म्हणाल्या, "मला घरी मोतीबिंदूतनं ह्याच्यापरीस बरा दिसतोय." माळावर हशा पिकला. पेंटरांनी पांढऱ्या सदऱ्याची बाही झटकली, नळीवर चादर टाकली आणि घरी निघून गेले. नळी आणि तिवई मी शेडवर परत आणली.

लवळ्याच्या मॅडम या प्रकरणात आल्या त्या स्वतःच्या स्कूटरमुळे. त्यांना स्कूटर जांभळी हवी होती आणि पेंटर नको म्हणत होते. वाद चालू असताना त्यांनी दुर्बीण पाहिली, हरखल्या, आणि मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावल्या. नळी आतून यात्रेतल्या आरसेमहालासारखी उजळली.

"काका, हे बघा. उजेड आत शिरतो आणि भिंतींवरून उड्या मारत बसतो. सगळा उजेड एकमेकांत मिसळतो, म्हणून धुकं दिसतं. आतून अजिबात चकाकी नको."

"चकाकी नको?"

"नको. खरखरीत काळं हवं. फळ्यासारखं."

पेंटरांचा चेहरा बदलला. "मॅडम, फळा रंगवायला माणूस लागत न्हाई. कुणीबी रंगवतं. तुमची स्कूटर घ्या आणि दुसरीकडं जा. जांभळी करून मिळंल."

मॅडम गेल्या. पण जाताना मला म्हणाल्या, "काम फार सुंदर केलंय हो त्यांनी. म्हणून तर वाईट वाटतं."

त्याच आठवड्यात मॅनेजर आले. त्यांनी पांढऱ्या नळीत स्वतःचा चेहरा पाहिला, भांग सारखा केला आणि म्हणाले, "काका, कडक! गोल्डन नाही, पण चालेल. आज नेतो. मोठे पाहुणे येणार आहेत, मला वरून प्रेशर आहे."

"वरनं म्हंजी कुठनं?"

"मालकांकडून."

आता पेंटरांची स्थिती वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. वस्तू दिली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते. हजारो लोकांनी त्यांच्या हातची चकाकी पाहिली असती, आणि आयुष्यातला सर्वात चांगला हात आतल्या बाजूला सुरक्षित राहिला असता. न दिली तर तो हात स्वतःच खरवडून काढावा लागणार होता. ते माझ्याकडे बघत राहिले. मी लेखी मत नंतर देतो म्हणालो.

"अजून झाली न्हाई," ते मॅनेजरना म्हणाले.

"काय झाली नाही? झाली की!"

"तुमाला न्हाई कळायचं. जावा."

मॅनेजर थेट पोलीस चौकीत गेले. तक्रार अशी की, सदर पेंटर वस्तू अडवून बसला आहे. हवालदारांनी दोन्ही पक्षांना बोलावले. पेंटरांच्या वतीने लेखी उत्तर मी तयार केले होते. माझ्या आजवरच्या लेखनातील ते सर्वोत्कृष्ट आहे, आणि त्यातील मुख्य परिच्छेद इथे देतो: "तक्रारदाराने दुरुस्तीसाठी दुर्बीण दिली होती, हे तक्रारदारास मान्य आहे. आजमितीस सदर वस्तूतून काहीही दिसत नसल्याने ती दुर्बीण नसून केवळ नळी आहे. दुर्बीण घेऊन नळी परत करणे हा विश्वासघात ठरेल. सबब, नळीची दुर्बीण होईपर्यंत ती ताब्यात ठेवणे उत्तरदारावर बंधनकारक आहे."

हवालदारांनी ते दोनदा वाचले. "हे कुणी लिवलं?"

मी उभा राहिलो.

"लई फिरवून लिवलंय," ते म्हणाले. मी आभार मानले. मग ते मॅनेजरकडे वळले. "सायेब, ह्यातनं खरंच चंद्र दिसतो?"

"मला काय माहीत, साहेब? मला रिसेप्शनला ठेवायची आहे."

"मग ठेवा की म्हैनाभरानं. चंद्र कुटं चाललाय? फुडच्या शुद्ध पक्षापत्तूर टाइम देतो. आणि पेंटर, दिसला तर मला बी बलवा."

घरी काकूंनी निकाल ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, "तुमी त्या नळीत चंद्र दाखवणार व्हता का तुमची चकाकी?" पेंटर जेवता जेवता थांबले. दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन कुजबुजले, "अर्जवाले, फळ्याचा रंग कुटं मिळतो?"

"हार्डवेअरच्या दुकानात. इथेच कोपऱ्यावर."

"तुमी आणा. आणि माझं नाव सांगू नका."

मी शाळेसाठी हवा आहे असे सांगून डबा आणला, आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून शेडमध्ये नेला. पिरंगुटात यापूर्वी कोणी फळ्याचा रंग चोरट्या मालासारखा नेला असेल, असे मला वाटत नाही.

खरवडण्याचे काम त्यांनी एकट्याने केले. वेळूच्या काठीला घासायचा कागद बांधला आणि नळीत मागेपुढे, मागेपुढे. ती किरकिर मला टेबलापाशी ऐकू येई, आणि अर्ज लिहिताना माझ्या ओळी वाकड्या जात. अधूनमधून ते थांबून आत बघत. चकाकी गेली, तिथे भुरकट ओरखडे राहिले. मग आत फळ्याचा काळा. वाळल्यावर त्यांनी मला बोलावले. आत डोकावलो, तर काहीच नव्हते. माझा डोळासुद्धा नाही.

"कसा वाटतो?" त्यांनी विचारले.

"रंग लावलाय असे वाटतच नाही."

"त्येच म्हनतो," ते म्हणाले, आणि प्रथमच हसले.

या खेपेला त्यांनी वाडीत नेऊन दिवसा तपासणी केली. धरणाच्या भिंतीकडे रोखून डोळा लावला आणि किंचाळले, "काकू, ये आदी! धरण उलटं झालंय, पानी सांडंल!" काकूंना काकू म्हणण्याची वेळ त्यांच्यावर फक्त घाबरल्यावर येई. मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, अशा दुर्बिणीत उलटेच दिसते, चंद्राला त्याने फरक पडत नाही. मॅडमना आमंत्रणही गेले. स्कूटर जांभळी करून देण्याचे आश्वासनही गेले.

आता ती तृतीया. माळावर पुन्हा वाडी जमली. काही जण चंद्र बघायला, बरेचसे पेंटरची फजिती बघायला. हवालदार वर्दीत आले. मॅनेजर टेम्पो घेऊनच आले होते. निकाल काहीही लागो, वस्तू उचलायची, असा त्यांना हुकूम होता. समोर रिसॉर्टचे मोठे दिवे पाण्यावर आणि आभाळावर भगभगत होते. मॅडम म्हणाल्या, ते बंद झाले तर बरे. सर्वांनी मॅनेजरकडे पाहिले. त्यांनी कुरकुरत फोन केला. दिवे गेले. धरण काळे झाले आणि डोंगरावरची कोर एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

पेंटरांनी नळी रोखली, पण डोळा लावला नाही. मॅनेजरना म्हणाले, "तुमी मालक. पैला मान तुमचा."

मॅनेजर वाकले. त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो न बघता बंद केला. मग हळूच म्हणाले, "काका, डोंगर आहेत. खरे डोंगर. त्यांच्या सावल्या पडल्यात." थोड्या वेळाने त्यांनी तोच फोन काढून काचेला लावला, लातूरला आईला व्हिडिओ कॉल जोडला आणि ओरडले, "आई, दिसतंय का? नाही गं, हलवू नको! तू नको हलू, मीच हलतोय!"

मग रांग लागली. सरपंचांच्या मातोश्रींनी डोळा लावला आणि हळहळल्या, "आगं बाई, ह्यालाबी देवी आल्या व्हत्या की!" काकू म्हणाल्या, "भाकरी नीट भाजली न्हाई, पोपडं आल्यात." हवालदारांनी टोपी काढून पाहिले. मी पाहिले. मी अनेकांच्या जमिनीचे नकाशे पाहिले आहेत. एवढी निर्वेध जमीन मी पाहिली नव्हती.

प्रत्येक माणसानंतर चंद्र नळीतून सरकून जाई, आणि पेंटर बाहेरून, नळीच्या कडेने नेम धरून पुन्हा आणून देत. "बसा. डोळा मिटू नका, दुसरा मिटा. दिसला? चला, फुडचा." मी दोनदा म्हणालो, "पेंटर, तुम्ही बघा की." "आदी पावणं," ते म्हणाले. फजिती बघायला आलेले दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले. शेवटचा माणूस उठला तेव्हा कोर डोंगराच्या धारेला टेकली होती. पेंटर वाकेपर्यंत ती पलीकडे उतरली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उद्या हायच की."

पण उद्या दुर्बीण नव्हती. मॅनेजरना ती न्यावीच लागली. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःहून मला कागद काढायला सांगितला. माळावर, हवालदारांच्या बॅटरीच्या उजेडात, टेम्पोच्या फळीवर मी हमीपत्र लिहिले: महिन्यातून किमान एकदा, शुद्ध पक्षातील निरभ्र संध्याकाळी, दुर्बीण अंगणात काढून झाकण उघडावे, मोठे दिवे मालवावेत, आणि जो येईल त्यास बघू द्यावे. मॅनेजरनी सही केली. पेंटरांनी नळीवरचे बोटांचे ठसे पुसले आणि पुढच्या टोकाला झाकण घातले.

पुढच्या शुद्ध पक्षापूर्वी मॅनेजरांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, कागद जुन्या साहेबांचा आहे. पेंटरांच्या छातीने थिनरचा वास सोसेना, डॉक्टरांनी शेड बंद करायला लावली, आणि मुलगी दोघांना चिंचवडला घेऊन गेली. तिथे त्यांनी सोसायटीच्या जिन्याचे कठडे रंगवायला काढले होते, खालच्या बाजूने, सेक्रेटरींनी थांबवले.

मध्यंतरी मी रिसॉर्टमध्ये जाऊन आलो. दुर्बीण स्वागतकक्षात आहे. पांढरी, देखणी, बुफेच्या दाराकडे रोखलेली. तिला दिव्यांची माळ गुंडाळली आहे. झाकण चिकटपट्टीने बंद आहे आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी आहे. काउंटरवरच्या मुलीने मला अदबीने सांगितले, "काका, त्यातून काही दिसत नाही. शो-पीस आहे." मी तिला सर्व हकीकत सांगितली असती, पण मागे पाहुण्यांची रांग होती.

पेंटर दर रविवारी फोन करतात. छातीचे, जिन्याचे काही बोलत नाहीत. "काढलं का झाकण?"

"प्रकरण विचाराधीन आहे," मी म्हणतो.

"म्हंजी न्हाई." माझी भाषा त्यांना आता पाठ झाली आहे.

सबब, रिसॉर्टच्या व्यवस्थापनास नम्र विनंती की, शुद्ध पक्षातील कोणत्याही एका निरभ्र संध्याकाळी सदर दुर्बिणीची माळ उतरवून, चिकटपट्टी सोडवून झाकण काढावे. चंद्र डोंगराआड जाईपर्यंत मोठे दिवे बंद ठेवावेत. आणि पहिला मान मालकास, पाहुण्यांस अथवा प्रस्तुत अर्जदारास न देता पेंटरांस द्यावा. त्यांस चिंचवडहून आणण्याची जबाबदारी माझी. मालकीबद्दल आमचा कोणताही दावा नाही. संध्याकाळ संपली की झाकण आम्ही स्वतः बसवून देऊ.

उत्तर लेखी मिळावे. होकार असल्यास तो मी त्यांना त्याच रविवारी वाचून दाखवीन. नकार असल्यास मात्र व्यवस्थापनाने तो परस्पर त्यांनाच कळवावा. तेवढा एक मजकूर माझ्याच्याने होणार नाही.

आपला,
अर्जदार